दिव्याआधीचं केळं

“उपाशी पोटान वल्ह्याक हात लावू नको गो!” यजमानांचं, म्हणजे नवऱ्याचं, जाण्याआधीचं हे सांगणं शुभदाकाकींनी गेल्या सोमवारी मानलं नाही. भर खाडीत डोळ्यांपुढे अंधारी आली, किनाऱ्यावर कयाक भाड्याने देणाऱ्या एजाजने त्यांची ती छोटी होडी ओढून आणली आणि दिवा लावायचा राहिला. खाडीपलीकडच्या छोट्या देवळातला सोमवारचा दिवा यजमान स्वतः वल्हवत जाऊन लावत. ‘चुकवणार नाही,’ असा शब्द काकींनी त्यांच्या शेवटच्या दिवशी दिला. म्हणून बासष्टाव्या वर्षी एजाजकडे कयाक शिकल्या. आधी अकरा वल्ह्यांत धाप लागे. आता जपाच्या सात माळांपर्यंत हात थांबत नसत. पण सोमवारी दिव्याआधी पाणीही न पिण्याचा काकींचा नेम तीस वर्षांचा. या सोमवारी एजाजने अडवलं, “काकी, आज वारो आसा, उद्या जावा.” “उद्या मंगळवार रे.” “मगे ह्यां केळा खावा, नायतर कयाक देवचंय नाय.” काकींनी देवळाकडे हात जोडले, केळं खाल्लं. तेलाची बाटली कमरेला खोचून पहिलं वल्हं मारलं.