तळटीप एक्केचाळीस

"खोटं म्हणू नका, काका. चूक म्हणा," ती म्हणाली.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "प्रस्तावना मी लिहायची आणि शब्द तू निवडणार?"

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागाच उरली नव्हती. एका टोकाला विमानाच्या डिझायनरच्या आठवणी, दुसऱ्या टोकाला वायुदलाचं मागणीपत्र, मधे तिच्या वडिलांचं पुस्तक. वडील जाऊन चार महिने झाले होते. प्रकाशकाला नवी आवृत्ती काढायची होती, आणि प्रस्तावनेसाठी त्याने नेमकं त्यांच्या जन्मभराच्या विरोधकाला, म्हणजे काकांनाच, गाठलं होतं.

वाद एकाच लढाऊ विमानाचा. शत्रूच्या बॉम्बफेकी विमानांना आपल्या शहरांवर अडवायला ते बनवलं, की आपल्या बॉम्बफेकी विमानांना दूरवर सोबत करायला? वडील म्हणायचे, सोबतीला. कुठलाही वाद ते पेट्रोलच्या टाकीवर आणून सोडत, म्हणून काका त्यांना 'टाकी' म्हणत.

"डिझायनर टाकीच्या बाजूने आहे," काका म्हणाले. "पण त्याने लिहिलं युद्ध जिंकल्यावर वीस वर्षांनी. तोवर सगळ्यांनाच सगळं आधीपासून ठाऊक होतं! मागणीपत्र विमानाच्या आधीचं. त्यात सोबतीचा उल्लेखसुद्धा नाही."

"आणि तळटीप एक्केचाळीस?"

"तिच्यावरच तर सगळा डोलारा. म्हणे, मागणीपत्राच्याही आधी एक बैठक झाली, तिच्या टिपणात लांब पल्ल्याची सोबत असं स्पष्ट लिहिलंय. वर ठासून छापलंय, 'मी स्वतः पाहिलं.' तू त्याच अभिलेखागारात तीस वर्षं आहेस, आता तर प्रमुख. सापडलं?"

"फाइल आहे. टिपण नाही."

"कुणी पान काढलं असेल."

"पानांचे आकडे सलग आहेत."

तिचा आवाज इतका खाली गेला की काकांना कान पुढे करावा लागला.

"म्हणजे ते कधी नव्हतंच."

"नव्हतं."

तिने टेबलावरचा हात मांडीवर घेतला. हा वाद पेटला तेव्हा वर्तमानपत्रांनी बाबांना 'कथाकार' म्हटलं होतं. विद्यापीठाच्या जिन्यात विद्यार्थी तोंडाने विमानाचा आवाज काढायचे. बाबा घरी येत, चपला नीट लावून ठेवत आणि चकार शब्द काढत नसत. जेवताना ती ताटातून डोळे वर करत नसे.

"आणखी काही सांगायचंय?" काकांनी विचारलं.

येताना बसमध्ये तिने एक वाक्य चार वेळा मनाशी म्हणून पाहिलं होतं. आता तिने ते बाजूला ठेवलं. ती पाणी प्यायली.

"बाबा गेलेत, काका. त्यांच्याच पुस्तकात त्यांना खोटारडं ठरवू नका. उतरवून घेताना चूक झाली, एवढंच लिहा."

"अगं, उतरवताना एखादा शब्द चुकतो. दीड पानाचं टिपण चुकून होत नाही."

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले, आतल्या खोलीत गेले आणि एक पिवळं पडलेलं पाकीट घेऊन आले.

"मी 'खोटं' असंच लिहिणार. टाकीला शब्द दिलाय. आमचं भांडण ऐन भरात होतं तेव्हाचं पत्र आहे हे. तो असेतो कुणाला दाखवायचं नव्हतं."

अक्षर बाबांचंच होतं. चारच ओळी होत्या.

"'चूक' म्हणू नकोस. चूक म्हटली की कागद कुणी उतरवून आणला, हे लोक विचारतील. न पाहता 'मी पाहिलं' असं छापलं, तेवढं खोटं माझं आहेच. पण टिपण पोरीने घरी बसून रचलं, हे मला काल कळलं. तिला परवाच अभिलेखागारात नोकरी लागली आहे, तेव्हा खोटारडा म्हण, आणि मलाच म्हण."