आईचे फोटो

आई गेल्याचं हेमांगीला तेरावं उरकल्यावर कळवलं. दुसऱ्याच दिवशी ती कुडाळला पोहोचली. परजातीत लग्न केल्यापासून अकरा वर्षं तिला हे घर बंद होतं.

"दादा, मला फक्त आईचे फोटो हवेत," असं म्हणत तिने पर्समधून नवी हार्ड डिस्क काढली.

वासूदादाने जुन्या कॉम्प्युटरवरचं कापड बाजूला केलं. अल्बमना वाळवी लागली तेव्हा त्याने घरातले सगळे फोटो त्यात भरून ठेवले होते. "ने सगळे," तो म्हणाला.

फोटो डिस्कवर उतरायला अख्खी दुपार लागली. वहिनीने चहा दिला, जेवून जा म्हणाली. आपल्याला माफ केलं असावं, असं हेमांगीला वाटून गेलं.

पुण्याला परतल्यावर तिने एकेक फोटो उघडला. मुंजी, गणपती, आईची साठी, सगळं होतं. ती स्वतः मात्र एकाही फोटोत नव्हती.

तिने फोन लावला. "दादा, मला पुसून टाकलंस? एवढा राग?"

"मी नाही गं," दादा म्हणाला. "कॉम्प्युटर भरला होता, नातवंडांचे फोटो मावेनात. बाहेरून जोडायची डिस्क आणतो म्हटलं, तर आई नको म्हणाली. शेजारी खुर्ची ओढून बसली आणि तू जिथे दिसशील तिथे बोट ठेवत गेली."

हेमांगीने स्क्रीनवर आईच्या साठीचा फोटो पुन्हा उघडला.

"तुझ्या बारशाचा एक तरी राहू दे म्हटलं मी. तर म्हणाली, तोच आधी काढ."