तिरकी रेघ

गठ्ठ्याच्या माथ्यावरची लाल रेघ पाहिली आणि गोरखचं डोकं फिरलं. तीनशे बारा नवीकोरी कार्डं, आणि त्यांच्या कडांवरून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सुताराच्या पेन्सिलीची तिरकी रेघ.

"हा काय पोरखेळ आहे, मुमताज? मुंबईच्या लोकांना काय सांगू?"

"मशीन भोकं वाचतं, साहेब. कड नाही वाचत," मुमताज म्हणाली. चिंचवडच्या कारखान्यात ती कार्डं टोचायच्या कामावर होती. काल संध्याकाळी काम संपवून गठ्ठा तिनं कामशेतला घरी आणला होता, म्हणजे टाकव्याहून सायकलवर येणाऱ्या गोरखला तो स्टेशनच्या वाटेवरच घेता यावा.

एकेका कार्डावर भोकांनी लिहिलेली एकेक आज्ञा. सगळ्या ओळीनं वाचल्या की मुंबईचा कॉम्प्युटर सांगणार होता, कारखान्यातला पत्रा कसा कापला तर कमी वाया जाईल. गोरखनं त्यापायी वर्ष घातलं होतं. आज दुपारी तीनला तासभर मशीन मिळणार होतं. मोठ्या साहेबांनी स्पष्टच बजावलं होतं, आज उत्तर आलं नाही तर हा नाद सोडायचा आणि पुन्हा नकाशे गिरवायला बसायचं.

कार्डांना क्रमांकही टोचू का, असं मुमताजनं विचारलं होतं. वेळ नाही म्हणून गोरखनंच नको म्हटलं. आता गठ्ठा बांधून देते म्हणाली, तेही त्याला नको होतं. त्यानं स्वतःच्या हातानं तो कॅरियरला सुतळीनं बांधला. पत्र्याच्या मापांचे आकडे टोचलेल्या कार्डांचा दुसरा छोटा गठ्ठा त्याच्या खांद्याच्या पिशवीत होता. त्यावर कुणी रेघ मारली नव्हती, याचं त्याला समाधान वाटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही.

वीस पावलांवर चाक खड्ड्यात आदळलं. सुतळी निसटली. चैत्रातलं वारं होतंच. कार्डं रस्ताभर झाली.

गोरख मटकन खाली बसला. गोळा तर होतील, पण लावायची कशी? एकेक भोक वाचत बसलं तर दिवस जाईल, आणि गाडीला पाऊण तास उरला होता.

मुमताज कधीच धावली होती. तिच्यामागून तिचे वडील, फकरुद्दीन मिस्त्री, हातातला रंधा टाकून आले. बापलेकींनी कार्डं वेचली, धूळ फुंकली आणि घरापुढच्याच सुतारकामाच्या दुकानात बाकावर आणून ठेवली. मिस्त्रींना अक्षराची ओळख नव्हती. त्यांनी एक कार्ड उजेडात धरलं, कडेवर बोट फिरवलं आणि लेकीकडं पाहिलं. नुसतं पाहिलं, पण त्या पाहण्यात केवढं कौतुक होतं.

"उठा, साहेब," ते म्हणाले. "कार्डाचा एक कोपरा कापल्याला हाय, त्यो समद्यांचा एका अंगाला घ्या. म्होरलं मी बघतो."

गठ्ठ्यावरच्या रेघेचा आता प्रत्येक कार्डाच्या कडेवर एकेक लाल ठिपका उरला होता. कुणाचा डावीकडं, कुणाचा मधोमध, कुणाचा पार उजव्या टोकाला. मिस्त्रींनी बाकावर फूटपट्टी आडवी ठेवली आणि ठिपका जिथं येईल तिथं कार्ड टाकत गेले. आधी इंचाइंचाच्या राशी, मग एकेक रास घेऊन तिच्यातली बारीक लावालाव. त्यांचा हात कुठं अडत नव्हता. गोरख नुसता कार्डं पुढं करत राहिला. मग त्याचं लक्ष भिंतीकडं गेलं. तिथं कुणाच्या तरी जुन्या दाराच्या फळ्या सुट्या करून टेकवल्या होत्या, आणि त्या सगळ्यांवरून एकच तिरकी कोळशाची रेघ गेली होती.

अर्ध्या तासात गठ्ठा उभा राहिला. माथ्यावर लाल रेघ पुन्हा सरळ धावली. गोरखचा जीव भांड्यात पडला, त्यानं हात पुढं केला. पण मिस्त्रींनी गठ्ठा सोडला नाही. रेघेवरून त्यांचा अंगठा एकदा गेला, परत आला आणि मध्येच थांबला.

"हितं एक न्हाई."

गोरखला काहीच दिसेना. रेघ त्याला अखंडच वाटत होती. मुमताज मात्र तडक रस्त्यावर गेली, आडव्या पडलेल्या सायकलीशी वाकली आणि मागच्या मडगार्डच्या आतून एक कार्ड ओढून घेऊन आली. मिस्त्रींनी ते अंगठ्याच्या जागी सारलं. बरोबर बसलं.

"चाचा, यावर काय लिहिलंय ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?" गोरखचा आवाज खाली आला होता.

"न्हाई बा. आमी निस्ती रेघ बघितली. अक्कल तिची हाय."

गाडीला दहा मिनिटं होती. मुमताजनं गठ्ठा घट्ट बांधून त्याच्यापुढं ठेवला, तरी गोरख हलला नाही. शाळेत मास्तरांपुढं पाटी धरावी तसा त्यानं पिशवीतला दुसरा गठ्ठा काढून दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला.

तिनं अब्बांच्या कानावरची लाल पेन्सिल घेतली आणि फूटपट्टी लावली. तिकडं सिग्नल पडल्याचा खडखडाट झाला. गोरखनं हात जराही हलू दिला नाही.