बटणाबाहेरचा तीळ

"झाले टाके. उठा ताई, विषय संपला," म्हणत डॉक्टरांनी माझ्या पोटरीवरून कापलेला तीळ रक्ताळलेल्या कापसासकट बादलीत टाकला. "तपासायला पाठवायचा ना?" मी विचारलं. "साधा तीळ तो! तुमच्या समाधानासाठी काढला. बाळंतपणानंतर बायका उगाच घाबरतात." बाहेर सासूबाईंच्या कडेवर लेक भुकेने रडत होती. तिच्या फ्रॉकचं बटण मी पर्समधून काढून टेबलावर आपटलं. "पहिल्यांदा दाखवला तेव्हा तीळ या बटणाखाली झाकला जायचा. आज चहूबाजूंनी बाहेर होता. विषय संपला नाही, त्या बादलीत पडलाय. काढा, नाहीतर मीच हात घालते!" सिस्टरने हसू दाबत चिमटा पुढे केला. डॉक्टर कुरकुरत वाकले. तीळ बटणाशेजारी धरून त्यांनी दिवा जवळ ओढला. वेड्यावाकड्या कडा, दोन रंग. कुरकुर थांबली. "किती दिवसांपासून वाढतोय हा?" "तुम्ही तीनदा 'काही नाही' म्हणालात, तेव्हापासून."