ग्रहणातला एक तास

दहा वाजून दहा मिनिटांनी सर्व्हररूमचं तापमान सव्वीसवर गेलं आणि विद्यापीठाची ही खोली सांभाळणाऱ्या ब्रांट यांनी कूलिंग पूर्ण सुरू करायच्या लाल बटणावर बोट ठेवलं.

"सत्तावीस झाले की मी हे दाबणार," ते मुक्ताला म्हणाले. "आणि तुमचा प्रोग्रॅम काढून टाकणार."

मार्च २०१५. बाहेर जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगवर सूर्याला ग्रहण लागलं होतं. देशभरातल्या छपरांवरची सौरवीज तासाभरात घटणार आणि मग तितक्याच झपाट्याने परत येणार, याची ग्रिडवाल्यांना काळजी होती. मुक्ताचा प्रोग्रॅम ग्रिडकडून येणाऱ्या इशाऱ्यावर चालायचा. वीज कमी पडली की सर्व्हरवरची जी गणितं थांबू शकतात ती थांबवायचा, कूलिंग अर्ध्यावर आणायचा. वीज वाढली की सगळं पुन्हा सुरू. त्यासाठी सकाळीच खोली जास्तीची गार करून ठेवली होती. तिच्या पीएचडीची तीन वर्षं यात गेली होती. खऱ्या मशिनांवर चालवायची परवानगी आज पहिल्यांदाच मिळाली होती, तीही सत्तावीस अंशांच्या अटीवर.

तिच्या हिशोबाने तापमान पंचवीसच्या वर जायलाच नको होतं. तिने आकडे दोनदा तपासले. चूक सापडेना. सव्वीस पूर्णांक चार.

दाराजवळच्या खुर्चीत तिचे सासरे बसले होते. शशिकांतराव नाशिकहून महिन्याभरासाठी आले होते. वीज मंडळाच्या सबस्टेशनवर एकतीस वर्षं ऑपरेटर होते. कंटाळा येईल असं मुक्ता म्हणत होती, पण सूनबाईचं काम एकदा बघायचंच म्हणून ते हट्टाने आले होते. जर्मन त्यांना कळत नव्हतं, पण चढणारा आकडा कळत होता. ते उठले आणि सर्व्हरच्या कपाटांसमोर तळहात धरत हळूहळू चालू लागले. तिसऱ्या कपाटापाशी थांबले.

"मुक्ता, इकडे ये गं. इथली पट्टी काढलीय कोणीतरी. मागची गरम हवा या फटीतून पुढे येतेय."

मुक्ताने हात लावला. खरंच झळ लागत होती. आदल्या दिवशी दुरुस्तीसाठी एक सर्व्हर काढला होता आणि ती जागा तशीच उघडी राहिली होती. मशिनं आपलीच गरम हवा पुन्हा आत ओढत होती. तिने ब्रांटना सांगितलं. त्यांनी फटीकडे पाहिलं, मग शशिकांतरावांकडे.

"आल्झो... असं आहे तर," ते म्हणाले. त्यांनी बटणावरचं बोट काढलं, कागदाच्या खोक्याचं झाकण फाडलं आणि फटीवर दाबून धरलं. चिकटपट्टी कुठेच सापडेना, म्हणून ते स्वतःच हात वर करून तिथे उभे राहिले.

सव्वीस पूर्णांक आठ. पुन्हा आठ. मग सात.

पावणेअकरानंतर सूर्य सुटायला लागला. वीज परत येत असल्याचा इशारा ग्रिडकडून आला. थांबलेली गणितं एकामागून एक सुरू झाली, कूलिंग पुन्हा पूर्ण सुरू होऊन पंख्यांचा आवाज वाढला, तापमान भराभर उतरलं. ब्रांटनी अवघडलेला दंड चोळला आणि प्रोग्रॅम आता कायम ठेवायला हरकत नाही असं सांगितलं. मुक्ताला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

खुर्चीत परत येऊन बसलेल्या शशिकांतरावांनी हळूच विचारलं, "कोणाकोणाची लाईट गेली?"

"कोणाचीच नाही, बाबा. जे थांबून चालतं तेवढंच थांबतं."

त्यांना ते पटेना. ते सांगू लागले, की वरून हुकूम आला की ते एकेका भागाला वीज नेणारा फीडर बंद करायचे, आणि पाच मिनिटांत ऑफिसातला फोन वाजायचा. पिठाच्या गिरणीवाले, दवाखानेवाले, परीक्षेला बसलेल्या पोरांचे बाप. एकतीस वर्षं त्यांनी त्या शिव्या ऐकून घेतल्या होत्या. त्यात त्या लोकांचं काही चुकत होतं असंही त्यांना कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. शशिकांतराव खुर्चीत ताठ झाले.

ब्रांटनी फोन घेतला. "हो, हो," म्हणत ऐकलं आणि मग रिसीव्हरवर हात ठेवून हसत सुटले. वरच्या मजल्यावरच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकबाई होत्या. त्या सकाळपासून याच सर्व्हरवर काम करत होत्या. चाचणी नक्की किती वाजता सुरू होणार, असं त्या विचारत होत्या, म्हणजे त्याआधी काम आवरून घेता येईल.

मुक्ताने ते मराठीत सांगितलं; चाचणी होऊन गेलेली बाईंना कळलीही नव्हती. शशिकांतरावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"परत एकदा सांग," ते म्हणाले.