पेट्रोलचा त्याग

सकाळचे कोवळे ऊन रोहिणखेडवर सावकाश उतरत होते. आधी जुन्या मशिदीच्या दगडांवर, मग तुरीच्या शेंड्यांवर, आणि सरतेशेवटी बांधाशी उभ्या असलेल्या मोटारसायकलीवर.

तेवढ्यात भगवंतरावांच्या हाताला विंचू चावला.

"गाडी काढ बे, दवाखान्यात ने मले!"

त्यांचा मुलगा शिवम शंभर-शंभर किलोमीटर धावून पर्यावरणाचा प्रचार करी. पेट्रोलच्या गाडीला हात न लावण्याचे त्याचे व्रत जिल्हाभर गाजले होते. त्याने वडिलांना पाठीवर घेतले आणि तो धावत सुटला.

"अबे, बाप मरून राह्यला अन् तुले पर्यावरण सुचून राह्यलं? एक दिवस मोड ना ते व्रत!"

शिवमने वेग वाढवला.



त्याला गाडी चालवताच येत नव्हती.