अफू उतरेपर्यंत

तीन वर्षांची घोडी आणि इतकी शांत? सारंगखेड्याच्या घोडेबाजारात वीस वर्षं काढलेल्या माणसाला याचा एकच अर्थ कळतो. विकणाऱ्यानं सकाळी हिला अफू चारली आहे.

"मॉर्गन जात आहे. हिची आजी परदेशातून आली," गिरासे बापू म्हणाले. "स्वभाव रक्तातच आहे."

"असेल. पण मी संध्याकाळपर्यंत इथंच बसतो, बापू." तोवर अफू उतरतेच.

त्यांनी खाट पुढे सरकवली. दिवसभर पाणी मी पाजलं, वैरण मी टाकली. दुसऱ्या कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. दुपारी ढोल वाजले, तेव्हा शेजारचे दोन घोडे खुंटे उपटायला लागले. हिनं फक्त कान वळवले. मग बापूंची रांगती नात तिच्या पोटाखाली शिरली. मी ताडकन उभा राहिलो. घोडीनं एक पाय उचलला आणि पोर पार होईपर्यंत तसाच अधांतरी धरला. बापू जागचे उठलेसुद्धा नाहीत.

संध्याकाळी पाठीमागे फटाक्यांची माळ फुटली. मी खाटेवरून उडालो, चहा अंगावर सांडला. घोडीनं मान वळवली आणि माझ्या खांद्यावर हलकेच नाक टेकवलं.

"चुकलो, बापू," मी म्हणालो. "उगाच संशय घेतला. घोडी माझी."

बापू मला निरखत होते.

"तुम्ही फार दचकता," ते म्हणाले. "उद्याचा दिवस बसा, मग बघू."